पक्षाघातानंतर ताठलेला पाय आणि बोटॉक्सची इंजेक्शनं : अनुभव हवेत

कढीलिंब

नमस्कार मंडळी,

बाबांना (वय ६९) मागच्या वर्षी गणपतीत पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं शाबूत, आईच्या मते जरा जास्तच शाबूत. सुरुवातीला पाय नुसता लुळा, ओल्या पोत्यासारखा. दीड-दोन महिन्यांनी त्यात जीव आला म्हणून आम्ही खुशीत, तर जीव येता येता पाय ताठायलाच लागला. आता चौदा महिने झालेत. उभे राहिले की डावी टाच उचलली जाते, पाऊल आत वळतं आणि बोटं खाली आकसतात. एवढी आकसूनही चप्पल काही पायात राहत नाही. अंघोळ करून बाहेर आले की शहाबादीवर उजव्या पायाचा अख्खा ठसा आणि डाव्याची फक्त बोटं नि बाहेरची कड. टाच गायब.

ताठरपणा कमी करायच्या बॅक्लोफेनच्या गोळ्या चालू आहेत. वाढवल्या की दिवसभर पेंगतात, म्हणून डॉक्टरांनी पुन्हा कमी केल्या. आता ते म्हणतात पोटरीत बोट्युलिनम टॉक्सिनची (म्हणजे बोटॉक्सची) इंजेक्शनं देऊन बघू. बाबांनी लगेच मोबाइलवर वाचलं आणि जाहीर केलं, "जगातलं सगळ्यात जहाल विष मला टोचणार, आणि त्याचे पैसे मीच भरायचे?" आई विचारते, मामींनी कपाळावरच्या सुरकुत्यांसाठी घेतलं तेच का हे? भाऊ बंगळुरूहून फोनवर सांगतो की घाई करू नका. तो चौदा महिने हेच सांगतोय.

प्रश्न असे : खरंच फरक पडतो का? किती टिकतो? परत परत घ्यावं लागतं म्हणजे सवय लागते का? खर्च किती आला? आणि बाबांचा एकच प्रश्न आहे, तो तसाच लिहिते : "पर्वती चढता येईल का?" झटका येईपर्यंत रोज पहाटे जात होते.

टेकडीवाला

माझ्या माहितीप्रमाणे तीन महिन्यांत उतरतं. म्हणजे मोबाइलचा रिचार्जच म्हणा. बाकी जाणकार सांगतीलच.

पानशेत_६१

कढीलिंबताई, इंजेक्शनांचा अनुभव नाही, पण न घेतलेल्या उपचारांचा आहे.

वडिलांना १९७४ साली अर्धांग झालं. आम्ही तेव्हा शुक्रवारात राहायचो. वाड्यातल्या प्रत्येक बिऱ्हाडाकडे एक उपाय होता. कुणी कसलंसं तेल आणून दिलं, कुणी गावाकडून वैदू आणला, आणि एका सद्गृहस्थांनी कबुतर आणलं, त्याचं गरम रक्त पायाला चोळायचं म्हणून. आईने त्यांना कबुतरासकट जिन्यावरून खाली पाठवलं. एवढं करूनही मुख्य चूक आम्हीच केली. पाय ताठतो, त्यांना दुखतं, म्हणून गुडघ्याखाली उशी देऊन दिवसचे दिवस झोपवून ठेवलं. वर्षभरात गुडघा वाकडा तो वाकडाच राहिला आणि टाच जी वर गेली ती पुढची अकरा वर्षं जमिनीला लागली नाही. पाय ताठणं हा वेगळा प्रकार आहे आणि त्याला वेळ दिला तर तो कायमचा आखडतो, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

तेव्हा बाबांना सांगा, विषाला घाबरा पण उशीलाही घाबरा.

दवबिंदू

पुनर्वसन विभागात काम करते, त्यामुळे जरा सविस्तर. (तुमच्या बाबांना तपासलेलं नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.)

आधी पाय ताठतो का ते. स्नायू ओढला गेला की पाठीच्या कण्यातूनच 'आवळ' असा हुकूम सुटतो. हे तुमच्या-माझ्यातही चालू असतं, फक्त वरून मेंदूचा लगाम असतो. पक्षाघातात तो लगाम सुटतो. म्हणूनच हा ताठरपणा वेगावर अवलंबून असतो. बाबांचं पाऊल हळूहळू वर ढकलून बघा, बरंचसं येईल. तेच झटक्यात ढकललं तर मध्येच अडेल, कदाचित घोटा टकटक थरथरायला लागेल. हळू ढकलूनही ते अजिबात येत नसेल, तर स्नायूच आखूड झाला असण्याची शक्यता असते. पानशेतकाकांच्या वडिलांचं बहुधा तेच झालं. आखूड झालेल्या स्नायूवर बोटॉक्सचा उपयोग नाही. तिथे टप्प्याटप्प्याने बदलायचं प्लॅस्टर किंवा शेवटी टाचेच्या मागची शीर लांब करायची शस्त्रक्रिया.

इंजेक्शन काय करतं? नस जिथे स्नायूला भेटते तिथे अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं आणि स्नायू आवळतो. ते रसायन बाहेर सोडायला स्नॅप-२५ नावाचं प्रथिन लागतं. हे औषध नेमकं तेच कापतं. हुकूम येतो पण पोचत नाही. परिणाम लगेच दिसत नाही, तीन दिवस ते आठवडा लागतो. साधारण महिन्याभराने सगळ्यात जास्त जाणवतो आणि सुमारे तीन महिन्यांत ओसरतो, कारण नस स्वतःची दुरुस्ती करून घेते. सवय लागत नाही. दोन वेळांमध्ये किमान १२ आठवडे जाऊ देतात. घाईघाईने परत दिलं तर शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करण्याची शक्यता वाढते आणि मग औषधच लागू पडत नाही.

विष आहे का? आहे. पण कुपीतलं प्रमाण नॅनोग्रॅममध्ये असतं, म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. घोट्यासाठी ३०० ते ४०० युनिट वेगवेगळ्या स्नायूंत वाटून देतात : पोटरीचे वरचे दोन, त्याखालचा सोलियस, पाऊल आत वळवणारा टिबिअ‍ॅलिस पोस्टेरियर, आणि बोटं आकसवणारे दोन. मात्र बोटॉक्सचे युनिट आणि डिस्पोर्टचे (याच औषधाचा दुसरा ब्रँड) युनिट एकसारखे नसतात. शेजारच्या पेशंटला हजार दिले आणि आपल्याला तीनशेच, अशी तुलना करू नका.

खोलवरचे स्नायू नुसत्या अंदाजाने सापडत नाहीत. सोनोग्राफीत बघून किंवा ईएमजीच्या (स्नायूतली विद्युत हालचाल टिपणाऱ्या) सुईने खात्री करून देणार का, हे जरूर विचारा.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. मायस्थेनिया (स्नायू लवकर थकण्याचा आजार) असेल, गिळायला त्रास असेल, तर तेही आधी सांगायचं. इंजेक्शननंतर गिळताना, बोलताना किंवा श्वास घेताना त्रास व्हायला लागला तर थेट हॉस्पिटल. असं फार क्वचित होतं, पण होऊ शकतं. आणि बॅक्लोफेन एकदम थांबवायचं नाही. त्याने भास होतात, फिट येऊ शकते.

टेकडीवाला

दवबिंदू, साष्टांग. वाचनखूण साठवली.

चिंचगूळ

अवांतर आहे, पण राहवत नाही. या विषाचं नाव सॉसेजवरून पडलंय. लॅटिनमध्ये सॉसेजला बोटुलस. १८२० च्या सुमाराला जर्मनीत युस्टिनुस केर्नर नावाचा डॉक्टर होता, कवीही होता. खराब सॉसेज खाऊन माणसं मरत होती, याने त्याची टिपणं काढली, अर्क काढला आणि स्वतःवरच प्रयोग केला. वर असंही लिहून ठेवलं की अगदी कमी मात्रेत हे औषध म्हणून वापरता येईल. पुढे १८९५ मध्ये बेल्जियममधल्या एका गावात अंत्ययात्रेत वाजवायला आलेल्या बँडवाल्यांनी खराब हॅम खाल्लं, त्यातले तिघे गेले, आणि त्या प्रकरणातून व्हान एर्मेंगेम यांना तो जंतू सापडला.

आणि कढीलिंब, आईंना सांग, सुरकुत्या नंतर आल्या. अमेरिकेत या औषधाला पहिली मान्यता १९८९ मध्ये मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्या आवळण्यासाठी. अ‍ॅलन स्कॉट या डोळ्यांच्या डॉक्टरांनी ते आणलं. भुवयांमधल्या आठ्या २००२ मध्ये. त्यामुळे मामींनी बाबांचं औषध घेतलं, बाबा मामींचं घेत नाहीयेत.

कढीलिंब

@चिंचगूळ, हे शेवटचं वाक्य आईला वाचून दाखवलं. मामींना फोन गेलाय. आता घरात जे होईल त्याला तू जबाबदार.

@दवबिंदू, खूप आभार. हळू ढकलून बघितलं, पाऊल जवळजवळ काटकोनापर्यंत येतं. झटक्यात ढकललं तर बाबा ओरडले. पायामुळे की माझ्यामुळे, कळलं नाही.

शून्य_मैल

थोडा विरोधी सूर. सगळे जण 'स्नायू किती सैल झाला' एवढंच बोलतायत. माणूस चालायला किती लागला? माझ्या वाचनात जे आलंय त्यानुसार पायाच्या बाबतीत ताठरपणा कमी झाल्याचं अभ्यासांत सातत्याने दिसतं, पण चालण्याचा वेग म्हणाल तर फरक अगदी थोडा, काही अभ्यासांत नाहीच. मग दर तीन महिन्यांनी एवढा खर्च कशासाठी? तपासणारा हाताने पाय हलवून ० ते ४ मार्क देणार, मार्क एकने कमी झाले की पेढे. तेही मार्क कसे, १ आणि २ च्या मध्ये एक '१+' आहे म्हणे.

टेकडीवाला

ती पद्धत पुण्याच्या बाहेरची आहे यावर विश्वास बसत नाही.

दवबिंदू

@शून्य_मैल, तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि तो मी पेशंटला तोंडावर सांगते. ती मोजपट्टी अ‍ॅशवर्थ यांची, '१+' नंतर १९८७ मध्ये घातला गेला. अमेरिकेत हाताच्या ताठरपणासाठी बोटॉक्सला २०१० मध्ये मान्यता मिळाली, पायासाठी २०१६ मध्ये. पायाचं मोजमाप अवघड आहे. चालणं हे एका घोट्यावर ठरत नाही. ताकद, तोल, गुडघा, कंबर, नजर, भीती, सगळं त्यात येतं. घोटा सैल केला म्हणून माणूस पळायला लागत नाही.

पण वेग हा एकच हिशोब नसतो. पायात बूट शिरतो का, स्प्लिंट (पाऊल सरळ धरणारा आधार) बसतो का, बोटांच्या टोकांना पडलेल्या जखमा भरतात का, रात्री पेटक्याने झोप मोडते का, दुसऱ्या माणसाला कपडे चढवता येतात का. यातलं एक काहीतरी आधी ठरवायचं आणि तेवढ्यासाठी द्यायचं. काहीच ठरवलं नाही तर देऊच नये, असं माझं स्पष्ट मत.

नळस्टॉप

आमचा अनुभव लिहितो. तो चांगला नाही, म्हणूनच लिहितो.

आईला उजव्या बाजूचा झटका. पाय काठीसारखा सरळ ताठ, गुडघा वाकायचाच नाही, पाय बाजूने फिरवत फिरवत टाकायची. एका ठिकाणी दाखवलं. तपासणी पाच मिनिटांत उरकली. मांडीच्या पुढच्या स्नायूत आणि पोटरीत भरपूर औषध दिलं. दहाव्या दिवशी आई ओट्यापाशी उभी होती, चहाचं आधण ठेवलेलं, आणि गुडघा असा दुमडला की सरळ खाली. नशीब, भांडं मागच्या बर्नरवर होतं. त्यानंतर दोन महिने ती उभीच राहिली नाही, भीतीने.

नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं. तिच्या पायात ताकद जवळजवळ नव्हतीच, ती त्या ताठरपणावरच उभी राहत होती. काठी म्हणून वापरत होती म्हणा. आम्ही ती काठीच काढून घेतली. सुदैवाने तीन महिन्यांत औषध ओसरलं आणि ती पुन्हा आपल्या ताठ पायावर उभी राहिली. ताठ पाय परत आला म्हणून आनंद झालेलं आमचं एकच घर असेल.

दुसऱ्या वेळी फक्त पोटरीत, कमी डोस, आणि आधी तिला उभं करून, चालवून, व्हिडिओ काढून. ते बरं गेलं.

फिजिओवाली

नळस्टॉप, हे वाचून वाईट वाटलं, आणि हे वाटतं तितकं दुर्मिळ नाही. पलंगावर झोपवून पाय तपासला आणि इंजेक्शनं लिहून दिली, की असं होतं. पेशंटला चालताना बघायलाच हवं.

कढीलिंबताईंना घरच्या घरी करायची एक तपासणी सांगते. बाबांना आडवं झोपवा. एकदा गुडघा सरळ ठेवून पाऊल हळूच वर आणा, एकदा गुडघा वाकवून. वाकवल्यावर जास्त येत असेल तर मुख्य दोष पोटरीच्या वरच्या स्नायूचा, कारण तो गुडघ्याच्याही वरून सुरू होतो. दोन्ही वेळी तेवढंच अडत असेल तर खालचा सोलियसही सामील. निर्णय डॉक्टरच घेतील, पण तुम्ही बघून गेलात तर बोलणं वेगळ्या पातळीवर होतं.

दुसरं. इंजेक्शन म्हणजे उपचार झाला असं समजून लोक घरी जातात आणि सहा आठवड्यांनी सांगतात, फरक नाही. अहो, इंजेक्शनने दार उघडतं, आत तुम्हाला चालत जायचंय. ते तीन महिने रोज ताणायचे व्यायाम, उतरत्या फळीवर टाच टेकवून उभं राहणं, पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूला जागं करणं, स्प्लिंट घालणं, आणि मुख्य म्हणजे चालणं, चालणं, चालणं. आमच्याकडे एक काका इंजेक्शन घेऊन गावी गेले ते थेट बारा आठवड्यांनी पुढच्या इंजेक्शनला उगवले. मधल्या काळात पाय कसा होता विचारलं तर म्हणाले, "छान आराम दिला."

तिसरं, पाय अचानक जास्त ताठायला लागला तर आधी बाकीचं शोधा. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, नख मांसात रुतलेलं, बूट चावतोय, थंडी. आता नोव्हेंबर आहे, फरशी गार असते. एका आजींचा पाय पंधरा दिवस वेड्यासारखा उडत होता. शेवटी कारण निघालं अंगठ्याचं नख.

आणि तो ओल्या पावलाचा ठसा! त्याचा फोटो काढून ठेवा, तारीख घालून. माझ्या पंधरा वर्षांच्या नोकरीत एवढं स्वस्त मोजमाप कुणी सांगितलं नव्हतं.

पॉलिसीधारक

खर्चाबद्दल. गेल्या वर्षी वडिलांच्या पायासाठी तीन कुप्या लागल्या. औषध, सोनोग्राफी, डॉक्टरांची फी धरून आमचं बिल साठ हजारांच्या पुढे गेलं. विमा कंपनीने दावा नाकारला. कारण : सौंदर्योपचार पॉलिसीत बसत नाहीत. मी ७४ वर्षांच्या माणसाच्या पोटरीचा फोटो पाठवून विचारलं, यात नेमकं काय सौंदर्य दिसतंय. उत्तर आलं की चोवीस तास दाखल नव्हते म्हणूनही बसत नाही. मग त्यांच्याच पॉलिसीतल्या डे-केअर यादीचा नियम, न्यूरॉलॉजिस्टचं पत्र आणि निदान स्पष्ट लिहिलेले कागद जोडून तक्रार केली. चार महिन्यांनी अर्धे मिळाले.

सल्ला : आधी लेखी परवानगी मागा. कागदावर 'बोटॉक्स' असं मोकळं लिहून घेऊ नका, 'पक्षाघातानंतरच्या स्पॅस्टिसिटीसाठी (म्हणजे ताठरपणासाठी) बोट्युलिनम टॉक्सिन' असं पूर्ण लिहून घ्या. ते नाव वाचूनच तिकडच्या साहेबांना मामी आठवत असावी.

शून्य_मैल

आणि कुपी मेडिकलमधून स्वतः आणायची असेल तर ती बर्फाच्या डब्यातूनच न्या. ते औषध २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. दुपारच्या उन्हात डिकीत टाकून सिंहगड रोडच्या सिग्नलला पाऊण तास उभं राहायचं नाही.

टेकडीवाला

शून्य_मैल विरोध करता करता सामील झाले, नोंद घ्यावी.

डावा_हात_लेखक

मंडळी, मी स्वतः पेशंट. उजवी बाजू, चार वर्षं. डाव्या हाताने टंकतोय, म्हणून हे आयडी. तुम्ही सगळे पायाबद्दल बाहेरून बोलताय, मी आतून सांगतो.

सकाळी मी उठायच्या आधी पाय उठतो. पांघरूण काढलं की गार हवा लागते आणि तो सळईसारखा सरळ होतो. मी पलंगावर बसून त्याची समजूत काढतो, तळवा जमिनीवर दाबून धरतो, दोन-तीन मिनिटांनी तो नमतो. मग माझा दिवस सुरू. जांभई आली की उजवा हात आपोआप वर येतो. राग आला की बोटं आकसतात, त्यामुळे माझा राग आता घरात लपत नाही. बायको पायाकडे बघून विषय बदलते. रस्ता ओलांडायचा असला आणि मागून हॉर्न वाजला, की संपलं. पाय तिथेच रुततो. पुण्यात हॉर्न कधी वाजत नाही ते सांगा, तेव्हा मी रस्ता ओलांडीन.

इंजेक्शनं सहा वेळा घेतली. टोचताना दुखतं, बोटांच्या स्नायूंना तर चांगलंच. पहिल्या वेळी मला वाटलं होतं पाय 'माझा' होईल. तसं झालं नाही. पाय नुसता गप्प झाला. ताकद काही वाढली नाही, पहिले दोन आठवडे तर जास्तच लटपटलो. पण तो गप्प असतानाच मला पाऊल उचलायचा सराव करता आला. आरडाओरडा करणारं माणूस खोलीतून गेल्यावर बारीक आवाजातलं दुसरं माणूस ऐकू यावं, तसं काहीसं. चौथ्या वेळेनंतर एक स्नायू वगळला, कारण त्याची गरज उरली नाही. आता आठ-नऊ महिन्यांनी एकदा घेतो.

कढीलिंब, बाबांना माझ्याकडून एक सांगा. पर्वती सध्या बाजूला ठेवा. मीही पहिल्या वेळी डॉक्टरांना सांगितलं होतं, मला पूर्वीसारखं करा. त्यांनी लिहून घेतलं नाही. म्हणाले, असं काहीतरी सांगा जे तीन महिन्यांनी झालं की नाही हे तुमच्या बायकोला कळेल. मी म्हटलं, चपलेत पाय स्वतःचा स्वतः घालायचाय. ते लिहून घेतलं.

पानशेत_६१

डावा_हात_लेखक, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. वडील या गोष्टी कधी बोलले नाहीत. वाचाही गेली होती त्यांची. पाय ताठला की आम्ही चिडायचो, की मुद्दाम सोडत नाहीत.

चिंचगूळ

चपलेवरून आठवलं. कोल्हापुरी, स्लीपर, अंगठ्याची चप्पल हे सगळं बंद करा. काकूला चांभाराकडून सँडलला मागे पट्टा आणि वर रुंद वेल्क्रो लावून घेतला होता, पुढचं तोंड उघडं म्हणजे बोटं आत दुमडलीत की नाही हे दिसतं. स्प्लिंट घालून बूट घ्यायचा असेल तर तो पाय एक नंबर मोठा लागतो. दुकानदार दोन वेगळ्या मापांचे बूट एका जोडीत देत नाहीत. लक्ष्मी रोडवर एका दुकानात विचारलं तर उत्तर मिळालं, "दुसऱ्याचं काय करू, लोणचं घालू?"

टेकडीवाला

हसून हसून पुरेवाट. ते दुकान दुपारी एक ते चार बंद असणार, पैज लावतो.

शून्य_मैल

त्या निमित्ताने : मेट्रोत लिफ्ट आहे, ठीक. पण स्टेशनातून उतरल्यावर पुढे फूटपाथ कुठाय? ताठ पायाच्या माणसाने फूटपाथवरच्या दुचाक्या, फरशांचे खड्डे, डीपीचे डबे यातून कसं जायचं? (यावर वेगळा धागा काढतो.)

कढीलिंब

धागा वर काढतेय. दहा आठवडे झाले, हिशोब द्यायला हवा.

इंजेक्शनं घेतली. आधी डॉक्टरांनी बाबांना कॉरिडॉरमध्ये चार फेऱ्या चालवलं, व्हिडिओ काढला. सोनोग्राफी लावून दिली. बाबा स्क्रीनकडे बघत होते आणि स्वतःच्या पोटरीचं समालोचन करत होते. उद्देश काय, असं विचारल्यावर बाबा म्हणाले पर्वती, १०३ पायऱ्या. डॉक्टर गप्प. मग मी डावा_हात_लेखक यांचा प्रतिसाद काढून दिला. बाबांनी तो चष्मा लावून वाचला, फोन परत केला आणि म्हणाले, "चप्पल. कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत निसटायला नको." तेवढंच लिहिलं.

पाच-सहा दिवस काही नाही. बाबा रोज जाहीर करायचे की विष बनावट आहे. नवव्या दिवशी बोटं सैल पडलेली दिसली. तिसऱ्या आठवड्यात स्प्लिंट पहिल्यांदा नीट बसला, आधी टाच आत शिरायचीच नाही. फिजिओताई आठवड्यातून तीनदा, बाकी दिवशी मी आणि आई. उतरती फळी सुताराकडून करून घेतली. त्याने विचारलं कशाला हवीय, सांगितल्यावर पैसे घेतले नाहीत.

जे झालं नाही तेही लिहिते. वेग फारसा वाढलेला नाही. काठी आहेच. पाऊल अजून थोडं आत वळतं, डॉक्टर म्हणतात पुढच्या वेळी एका स्नायूचा डोस बदलू. आठवडाभर गुडघा सैल वाटत होता. नळस्टॉप, तुमचं वाचलेलं होतं म्हणून त्या दिवसांत बाबांना एकट्याने ओट्यापाशी, मोरीत, कुठेही उभं राहू दिलं नाही. विम्याचं पत्र आलं, त्यात 'सौंदर्योपचार' हा शब्द आहे. पॉलिसीधारक, तुम्हाला व्यक्तिगत निरोप करते.

मारुतीपर्यंत तीनदा जाऊन आले. दोनदा चप्पल राहिली. तिसऱ्यांदा निसटली, पण ती पट्टा तुटून, त्यामुळे बाबा ती धरत नाहीत.

आणि काल सकाळी अंघोळ करून बाहेर आले, तर शहाबादीवर डाव्या पायाचा ठसा. मागे टाच. पूर्ण गोल नाही, चंद्रकोरीएवढी, पण टाच. बाबा काठी धरून तिथेच थांबले आणि खाली बघत राहिले. मग आईला हाक मारली.

डावा_हात_लेखक

पट्टा तुटला तर धरत नाहीत. बाबांचं बरोबर आहे.

फिजिओवाली

फोटो? तारीख घालून सांगितलं होतं!

कढीलिंब

मोबाइल आणायला आत गेले. येईपर्यंत आईने पुसून टाकला. म्हणाली, ओल्यावर घसरले तर परत पहिल्यापासून.